कोऱ्या पानाची पोच

"जरा फॅक्स टोन देता का?"

१९९६ साली तासगावात, आमच्या एसटीडी-पीसीओवर हे वाक्य दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी ऐकू यायचं. पलीकडं कुणी फोन उचलला की बाबा आधी गावाचं नाव सांगायचे आणि मग हे विचारायचे. पलीकडचा माणूस बटण दाबायचा, रिसीव्हरमधून एक लांबलचक सपाट शिट्टी यायची, बाबा आमच्या यंत्राचं हिरवं बटण दाबून रिसीव्हर अलगद खाली ठेवायचे. इथं माणसांचं काम संपायचं. पुढचं बोलणं यंत्रांचं. किर्र, खर्र, मध्येच दोन सेकंद शांतता, पुन्हा खर्र. मग कागद एक हिसका देऊन आत सरकायला लागायचा.

त्या शिट्टीला स्वतःचं नाव आहे हे मला कळायला पुढं बारा-तेरा वर्षं जावी लागली. तेव्हा नावांची गरजच पडत नव्हती. फॅक्स 'लागतो' किंवा 'लागत नाही', 'गेला' किंवा 'अडकला', पलीकडचा 'रोल संपलाय', 'लाइनला खरखर आहे'. एवढ्या शब्दांवर आमचं दुकान चालायचं. जानेवारी ते मार्च द्राक्षांचा हंगाम. सोनाका आणि तास-ए-गणेशच्या पेट्यांचे हिशोब, गाड्यांचे नंबर, परराज्यातल्या दलालांनी कळवलेले दर, सगळं त्या एका यंत्रातून जायचं-यायचं. पलीकडचं यंत्र आपोआप फोन उचलणारं असेल तर लोक लांबचा फॅक्स रात्री अकरापर्यंत राखून ठेवत, कारण तेव्हा पाव दर लागायचा. बूथच्या काचेबाहेर मफलर गुंडाळलेले बागायतदार हातात कागदाची सुरळी घेऊन घड्याळाकडं बघत उभे असलेले मला अजून दिसतात.

आणि त्या कागदांवर मराठी असायची. आज हे सांगताना विशेष वाटत नाही, पण त्याआधी घाईचा निरोप म्हणजे तार, आणि आमच्या पोस्टात तार इंग्रजी अक्षरांत लिहून दिली जाई. 'आजी सीरियस, निघून या' हे वाक्यसुद्धा परक्या लिपीचे कपडे घालून जायचं. फॅक्सला लिपीच कळत नाही. त्याला काळं आणि पांढरं एवढंच कळतं. त्यामुळं ज्यानं जसं लिहिलं तसं ते जायचं, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट, सहीच्या शेवटच्या फटकाऱ्यासकट. जपानमध्ये फॅक्सनं एवढं मूळ धरलं त्यामागंही त्यांच्या हजारो चित्राक्षरांची लिपी आहे. टंकयंत्रावर न मावणारी अक्षरं हातानं लिहायची आणि पानच पाठवून द्यायचं.

मी तेव्हा नववीत होते. शाळा सुटल्यावर सहा ते आठ बूथ माझ्या ताब्यात असे. बाबा त्या वेळात मार्केट यार्डात उधारी गोळा करायला जात. त्या वर्षीच्या पावसाळ्यात आमचं जुनं यंत्र बंद पडलं आणि बाबांनी नवीन आणलं. नव्या यंत्राला कागद कापणारी पाती होती, शंभर नंबर लक्षात ठेवायची सोय होती. मी खूश होते.

त्याच आठवड्यात एक निवृत्त गुरुजी आले. धोतर, काळी टोपी, पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक अर्ज. पेन्शनच्या कागदांत त्यांची जन्मतारीख चुकली होती आणि पुण्याच्या एका कार्यालयानं दुरुस्तीचा अर्ज त्या दिवशी मागवला होता. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला होता. प्रत्येक शब्दाची शिरोरेषा पट्टीनं मारल्यासारखी, अनुस्वार टपोरे, समास सोडलेला. असं अक्षर मी फळ्यावर पाहिलं होतं, कागदावर नव्हतं.

मी फोन लावला, टोन मागितला, कागद घातला, बटण दाबलं. कागद सरसर आत गेला. रिपोर्टची चिठ्ठी बाहेर आली: पानं १, वेळ २८ सेकंद, निकाल ओके. मीटरवर नेहमीपेक्षा कितीतरी कमी पल्स पडले होते. गुरुजींनी कनवटीची नाणी मोजून दिली. "स्वस्तात झालं गं पोरी," म्हणाले, आणि ती चिठ्ठी घडी घालून टोपीच्या आत ठेवली.

तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा बाबा बूथवर होते. गुरुजी रागावले नव्हते, त्यांना फक्त कळत नव्हतं. पुण्याहून पत्र आलं होतं की अर्ज मिळाला नाही, मुदत संपली. त्यांनी टोपीतली चिठ्ठी काढून बाबांपुढं धरली. बाबांनी त्या कार्यालयात फोन लावला, बराच वेळ धरून ठेवला, आणि शेवटी तिथल्या कुणा भल्या माणसानं त्या तारखेचे फॅक्स चाळून सांगितलं, तासगावचा एक कागद आलाय, वरच्या काठाला तुमचा नंबर आणि वेळ आहे, खाली काहीच नाही. कोरा आहे.

जुन्या यंत्रात कागद लिहिलेली बाजू खाली करून घालावा लागे. नव्यात वर करून. ट्रेच्या कडेला बोटाच्या पेराएवढं चित्र कोरलेलं होतं, कोपरा दुमडलेलं एक पान आणि त्यावर तीन रेघा. लिहिलेली बाजू कुठं ठेवायची ते सांगणारं. मी ते पाहिलंच नव्हतं. पुण्याला मी गुरुजींच्या अर्जाची पाठ पाठवली होती.

गुरुजींचं काम पुढं झालं, पण त्यासाठी त्यांना दोनदा पुण्याला जावं लागलं आणि दुरुस्ती चार महिने लांबली. बाबा मला ओरडले नाहीत. त्यांनी फक्त रजिस्टरमध्ये एक नवीन रकाना आखला. त्याबद्दल नंतर सांगते.

पुढं मी टेलिकॉमकडं वळले ते त्या २८ सेकंदांमुळं, असं मला मनापासून वाटतं. २००९ साली पुण्यात एका कंपनीत लागले, कामाचा विषय फॅक्स. तिथं पहिल्यांदा टी.३० नावाचं मानक वाचायला मिळालं. दोन फॅक्स यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम त्यात आहेत. वाचताना मला आमच्या बूथमधला एकेक आवाज ओळखीचा वाटायला लागला. लहानपणी पाठ असलेल्या आरतीचा अर्थ मोठेपणी कळावा तसं झालं.

फोन करणारं यंत्र साडेतीन सेकंदांनी एकदा अर्धा सेकंद 'टूं' करतं, ११०० हर्ट्झचा सूर. त्याला सीएनजी म्हणतात. म्हणजे 'मी माणूस नाही, यंत्र आहे.' त्याला मिळणारं उत्तर म्हणजे ती सपाट शिट्टी, २१०० हर्ट्झ, तीनेक सेकंद. तिचं नाव सीईडी. हीच ती बाबा मागायचे ती 'फॅक्स टोन'. या शिट्टीचं आणखी एक काम आहे. बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येऊ नये म्हणून लांबच्या लाइनवर प्रतिध्वनी दाबणारी उपकरणं असतात. ती यंत्रांच्या बोलण्यात आड येतात. ही शिट्टी ऐकली की ती बाजूला होतात.

मग हँडशेक. या शब्दाचं भाषांतर 'हस्तांदोलन' असं करतात, पण मला त्यापेक्षा जनावरांच्या बाजारातला रुमाल आठवतो. रुमालाखाली दोघांचे हात, बोटं दाबून भाव बोलायचा, वर कुणाला काही दिसत नाही. ऐकणारं यंत्र आधी आपली कुवत सांगतं: मला इतका वेग झेपतो, फाइन म्हणजे जास्त बारीक ओळींचं पान चालतं, चुका दुरुस्त करता येतात. हा डीआयएस. पाठवणारं त्यातून निवडून म्हणतं, मग आपण अमुक वेगानं जाऊ. हा डीसीएस. हे सगळं बोलणं सेकंदाला फक्त ३०० बिट इतक्या सावकाश चालतं, म्हणजे कितीही वाईट लाइनवर निभावतं. त्यानंतर दीड सेकंद नुसती शून्यं पाठवून लाइन तपासली जाते. याला ट्रेनिंग म्हणतात. शून्यं धड पोचली तर पलीकडून होकार, नाही तर नकार, आणि मग भाव उतरवायचा: ९६०० नाही जमत, ७२०० बघू, ४८००, शेवटी २४००. पावसाळ्यात आमच्या लाइनवर खरखर वाढली की ती किर्र-खर्र तीन-चारदा व्हायची आणि फॅक्स नेहमीपेक्षा रडतखडत जायचा. आम्ही म्हणायचो, यंत्र गरम झालंय. ते बिचारं लाइनशी घासाघीस करत असायचं.

आपण वापरत होतो ते फॅक्स 'ग्रुप थ्री'चे, १९८० साली ठरलेले. १९६८ च्या ग्रुप वनला एका पानाला सहा मिनिटं लागत, १९७६ च्या ग्रुप टूला तीन. ग्रुप थ्रीनं ते मिनिटाच्या आत आणलं, आणि याचं गुपित समजलं त्या दिवशी मी टेबलावरून उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

ते असं. ए-फोर पानाची एक आडवी ओळ म्हणजे १७२८ ठिपके. साध्या रिझोल्युशनमध्ये एका मिलिमीटरात ३.८५ ओळी, म्हणजे अख्ख्या पानात अकराशेच्या वर ओळी आणि पावणेवीस लाखांच्या आसपास ठिपके. ते एकेक करून ९६०० च्या वेगानं पाठवायचे तर जवळपास साडेतीन मिनिटं लागतील. म्हणून यंत्र ठिपके पाठवत नाही, मोजणी पाठवतं. 'पांढरे ३००, काळे ५, पांढरे ४०...' आणि वारंवार येणाऱ्या आकड्यांना छोटे संकेत, क्वचित येणाऱ्यांना मोठे. आपल्या शिरोरेषेचंच बघा. तीन सेंटिमीटर लांबीच्या शब्दाची शिरोरेषा म्हणजे सलग २४० काळे ठिपके, ते एका दमात सांगून होतात. वेळ खातात त्या खालच्या वेलांट्या आणि उकार. अनुस्वार तर साध्या रिझोल्युशनमध्ये शेजारच्या मात्रेला चिकटतो, म्हणून बाबा हातानं लिहिलेल्या मराठीला नेहमी 'फाइन' दाबायचे. ओळी दुप्पट, वेळही जास्त, पण 'चिता' आणि 'चिंता' यांत घोळ नको म्हणायचे.

आणि पूर्ण कोरी ओळ? तिचे १७२८ पांढरे ठिपके फक्त १७ बिटांत जातात.

२८ सेकंद. गुरुजींच्या अक्षरानं भरलेलं पान फाइनवर सव्वा मिनिटाच्या आत जाणं शक्यच नव्हतं. चिठ्ठीवर छापून आलं होतं. मीटरनं सांगितलं होतं. गुरुजींच्या तोंडूनही आलं होतं, स्वस्तात झालं. मला वाचता येत होतं, पण त्याचा अर्थ लागायला लागणारा शब्द माझ्याजवळ नव्हता.

म्हणून फॅक्सच्या रिपोर्टवरच्या शब्दांकडं मी आजही फार गंभीरपणे बघते, विशेषतः 'ओके'कडं. पान संपलं की पाठवणारं यंत्र म्हणतं 'झालं', आणि पलीकडून एमसीएफ नावाचा छोटा संकेत येतो: 'मिळालं.' त्यावरून आपल्या चिठ्ठीवर ओके छापलं जातं. हा होकार प्रामाणिक असतो. त्यात खोट नसते. पण तो होकार यंत्राचा आहे आणि तो ठिपक्यांपुरता आहे. ईसीएम, म्हणजे चुका दुरुस्त करायची सोय, असेल तर तो आणखी पक्का होतो. त्यात पानाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकाला नंबर देतात. शेवटी पलीकडचं यंत्र हजेरी घेतल्यासारखं गैरहजर नंबर कळवतं आणि तेवढेच तुकडे पुन्हा पाठवले जातात. इतकी काळजी. आणि ही सगळी काळजी कोऱ्या पानालाही तितक्याच निष्ठेनं मिळते. कागदावर काही लिहिलंय का, ते ट्रेमधून कुणी उचललं का, ज्याच्यासाठी होतं त्याच्यापर्यंत गेलं का, हे प्रश्न त्या भाषेत विचारताच येत नाहीत.

इंटरनेट आल्यावर या भाषेवर खरं संकट आलं. लोकांना वाटतं इंटरनेटनं फॅक्स संपवला. ऑफिसांतून बऱ्यापैकी संपवलाही. पण अमेरिकेतली इस्पितळं, प्रयोगशाळा, औषधांची दुकानं आजही फॅक्सवर कागद पाठवतात, आणि त्या फॅक्सखालच्या तांब्याच्या तारा मात्र गेल्या. आता फोनच इंटरनेटवरून चालतो. माझ्या पहिल्याच वर्षी तिकडच्या एका इस्पितळाची तक्रार आली: पहिली दोन पानं जातात, तिसऱ्यावर तुटतं. नेटवर्क सांभाळणारी मंडळी ठामपणे सांगत होती की लाइन उत्तम आहे, आम्ही स्वतः बोलून पाहिलं, आवाज घंटेसारखा येतो.

ते खरं बोलत होते. माणसाचा आवाज घंटेसारखाच येत होता. इंटरनेटवर आवाजाचे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे पाडून पाठवतात. हे पॅकेट. एखादं हरवलं तर तो पॅकेट लॉस, कमी-जास्त उशिरानं आलं तर जिटर. बोलताना एक पॅकेट गळालं तर कानाला पत्ता लागत नाही, 'हॅलो'मधला 'लो' किंचित आखूड होतो एवढंच. ९६०० च्या वेगानं चाललेल्या फॅक्सचे त्या वीस मिलिसेकंदांत १९२ बिट जातात, आणि दोन्ही यंत्रांची लय तुटते ती वेगळीच. त्यात भर म्हणजे कोडेक. आवाज कमी जागेत बसवायची ती रीत. जी.७११ नावाचा कोडेक सेकंदाला ६४ हजार बिट घेतो आणि आवाज बराचसा जसाच्या तसा नेतो. जी.७२९ तेच काम ८ हजारांत करतो, कारण तो माणसाचा गळा कसा चालतो याचा अंदाज धरून आवाज पुन्हा घडवतो. त्याच्या हाती फॅक्सची खर्र-खर्र दिली की तो तिच्यात माणूस शोधतो. त्या इस्पितळात हेच चाललं होतं. लाइनवर गर्दी वाढली की त्यांचा गेटवे, म्हणजे फोनची लाइन इंटरनेटला जोडणारं यंत्र, जागा वाचवायला चालू कॉलमध्येच जी.७२९वर उतरत होता.

यावरचा उपाय १९९८ मध्येच ठरलाय, त्याला टी.३८ म्हणतात. कल्पना मला फार सुंदर वाटते. फॅक्सचा आवाज वाहून न्यायचाच नाही. यंत्राच्या शेजारचा गेटवे तो आवाज ऐकतो, त्याचा अर्थ लावतो आणि फक्त अर्थ पॅकेटांत भरतो. पलीकडचा गेटवे त्यातून पुन्हा आवाज तयार करून तिथल्या यंत्राला ऐकवतो. मध्ये गळती होणार हे धरून प्रत्येक पॅकेटात आधीच्या पॅकेटाचा मजकूरही पुन्हा बांधून दिलेला असतो. कॉल सुरू होतो साधा फोन म्हणून. शिट्टी ऐकू आली की दोन्ही बाजू मध्येच ठरवतात, आता टी.३८ वर जाऊ. ही सोय दोन्हीकडं चालू असायला लागते. इस्पितळात ती एकीकडं बंद होती.

दुरुस्ती झाल्यावर मी रात्री दोन वाजता चाचणीचा फॅक्स पाठवायला लावला. तिकडच्या तंत्रज्ञानं लगेच कळवलं, ओके आला. मी त्याला विचारलं, पान हातात घेतलंस का? वाचता येतंय का? तो थोडा थांबला. मग त्याच्या खुर्चीचा आवाज आला, पावलांचा आला, आणि त्यानं पानावरची पहिली ओळ मला वाचून दाखवली.

फॅक्सची मूळ कल्पना टेलिफोनपेक्षा जुनी आहे. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीनं तिचं पेटंट १८४३ मध्ये घेतलं, टेलिफोनच्या ३३ वर्षं आधी. दोन टोकांना दोन लंबक, दोन्ही एकाच लयीत हलले पाहिजेत, नाही तर चित्र फिस्कटतं. कासेल्ली या इटालियन माणसाच्या यंत्रानं १८६५ पासून पॅरिस आणि लियों या शहरांमध्ये लोकांचं हस्ताक्षर तारेवरून नेलं. घड्याळ बनवणाऱ्याला हे सुचावं याचं मला नवल वाटत नाही. सारा खटाटोप लय जुळवण्याचाच तर आहे.

बूथ २००६ मध्ये बंद झाला. गेल्या दिवाळीत माळ्यावरची ट्रंक उतरवली. त्यात आलेल्या फॅक्सची एक चळत होती, पण तो थर्मल कागद. उष्णतेनं काळा होतो आणि वर्षांनी पुन्हा फिका पडतो. म्हणून तर बाबा प्रत्येकाला सांगायचे, फॅक्सची झेरॉक्स काढून ठेवा. चळतीतली पानं आता सगळी पिवळट कोरी आहेत. रिपोर्टच्या चिठ्ठ्याही कोऱ्या. बाबांचं रजिस्टर मात्र शाईचं आहे, ते तसंच आहे.

त्यात १९९६ च्या ऑगस्टपासून शेवटचा रकाना नवा आहे. लाल शाईनं आखलेला, वर लिहिलंय 'पोच'. त्यात कुठंही ओके नाही. प्रत्येक फॅक्सनंतर बाबा स्वतःच्या पैशानं पुन्हा फोन लावून विचारायचे आणि जे ऐकलं ते लिहायचे. 'पाटलांनी घेतला.' 'साहेब जेवायला, टेबलावर ठेवतो म्हणाले.' 'खालच्या दोन ओळी पुसट, परत पाठवला.' त्या रकान्यातली पहिली नोंद गुरुजींच्या दुसऱ्या फॅक्सची आहे.

'गुरुजी. पुणे. १ पान. १ मि. १९ से. विचारलं. अक्षर छान आहे म्हणाले.'